मूल हरवू नये म्हणून, आणि हरवलेच तर : पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

ज्यांचे मूल नुकतेच एकटे शाळेत, शिकवणीला किंवा खेळायला जाऊ लागले आहे, अशा पालकांसाठी हा लेख आहे. शेजारच्या एका कुटुंबाचा मुलगा हरवला तेव्हा मी त्यांच्यासोबत पोलीस ठाणे, लोहमार्ग पोलीस आणि बाल कल्याण समिती (हरवलेल्या, निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) या तिन्ही ठिकाणी गेले होते. मूल सुखरूप मिळाले. त्यानंतर आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात मुलांना कोणाच्या ताब्यात द्यायचे याची पद्धत ठरवण्याचे कामही मी केले. त्या धावपळीत जी माहिती आम्हाला तुकड्यातुकड्याने, कोणाकोणाला विचारून मिळवावी लागली, ती इथे एकत्र आणि क्रमाने देत आहे. कायद्याचे उल्लेख भारतातील, आणि यंत्रणेचे वर्णन मुख्यतः महाराष्ट्रातील आहे.

आधी चार क्रमांक फोनमध्ये साठवा आणि घरातील आजी-आजोबांच्या फोनमध्येही घाला. ११२ हा पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीचा क्रमांक आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. ती १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आता देशभर चालते. १३९ हा रेल्वेचा क्रमांक आहे. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी आहे. त्याचा संबंध पुढे येईलच.

१. धोका कोणाकडून आहे, हे नीट समजून घ्या

'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' एवढे सांगून बहुतेक घरांत हा विषय संपतो. ही शिकवण चुकीची नाही, पण अपुरी आहे, कारण लहान मुलाच्या दृष्टीने अनोळखी माणूस म्हणजे भीतिदायक चेहऱ्याचा, अंगावर येणारा पुरुष असतो. गोड बोलणारी बाई, रोज दिसणारा दुकानदार, वडिलांचे नाव घेऊन हाक मारणारा गृहस्थ यांपैकी कोणीही त्या चित्रात बसत नाही.

महाराष्ट्राला याचा फार कडू अनुभव आहे. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या रेणुका शिंदे व सीमा गावित या दोन मुलींनी कोल्हापूर, पुणे, नाशिक अशा अनेक ठिकाणांहून लहान मुले पळवली. गर्दीत चोरी करताना पकडले गेल्यास कडेवरचे मूल ढालीसारखे वापरता यावे, हा त्यामागचा हेतू होता, आणि पुढे त्यांतील काही मुलांचे खून झाले. मुलाला घेऊन चाललेल्या बाईकडे कोणी संशयाने पाहत नाही, हेच त्यांचे बळ होते.

दुसरे उदाहरण अंधेरीचे आहे. जानेवारी २०१३ मध्ये सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, नऊ वर्षांनी, घरी परतली. आइस्क्रीमचे आमिष दाखवून तिला नेल्याचा आरोप एका दांपत्यावर आहे. सापडली तेव्हा ती स्वतःच्या घरापासून अगदी जवळच्या वस्तीत राहत होती. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले निवृत्तीनंतरही तिचा फोटो खिशात बाळगून शोध घेत राहिले, म्हणून हे प्रकरण अनेकांना आठवत असेल. या घटनेतून मिळणारा एक अगदी व्यावहारिक धडा दहाव्या टप्प्यात सांगितला आहे.

याशिवाय मुले नाहीशी होण्याची इतरही कारणे असतात. रागावून किंवा परीक्षेच्या धास्तीने घर सोडणे, प्रेमाच्या किंवा नोकरीच्या आमिषाने कोणाबरोबर तरी निघून जाणे, आईवडिलांच्या वादात एका पालकाने मूल घेऊन जाणे, आणि केवळ गर्दीत चुकणे. घर सोडून निघालेले मूल स्थानकावर पोहोचले की त्याला 'मदत' करणारा कोणीतरी भेटतोच. म्हणून 'रागावून गेला असेल, येईल परत' या समजुतीवर वाट पाहत बसू नये.

२. मुलाची एक फाईल आजच तयार करा

मूल दिसेनासे झाले की घरातील माणसांचे हातपाय गळतात आणि साधा फोटोही सापडत नाही. आमच्या शेजाऱ्यांकडे मोबाईलमध्ये शेकडो फोटो होते, पण त्यांतील बहुतेक सणासुदीचे, चेहऱ्यावर रंग किंवा डोळ्यांवर गॉगल असलेले होते. पोलिसांना देण्याजोगा, चेहरा सरळ दिसणारा फोटो निवडण्यातच बहुमोल वेळ गेला. म्हणून पुढील गोष्टी एका फाईलमध्ये ठेवा आणि त्यांची प्रत आईवडील दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

- चेहरा समोरून स्पष्ट दिसणारा एक आणि पूर्ण उंचीचा एक फोटो. पाच वर्षांखालील मुलांचे फोटो दर तीन महिन्यांनी आणि मोठ्या मुलांचे दर सहा महिन्यांनी बदलावेत.
- जन्माचा दाखला, आधार कार्ड आणि शाळेचे ओळखपत्र यांच्या प्रती.
- उंची, वजन, रक्तगट, तीळ, जन्मखूण, जखमेचा व्रण, चष्मा आणि दातांची ठेवण यांची लेखी नोंद. मूल कोणती भाषा बोलते, अडखळते का, हेही लिहावे.
- चालू औषधे, फिट्स, दमा किंवा ॲलर्जी असल्यास त्याचा उल्लेख.
- जवळचे मित्र, त्यांचे पालक, शिकवणीचे शिक्षक आणि रिक्षावाले काका यांचे क्रमांक.
- मुलाकडे फोन असल्यास त्याचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक. तो खोक्यावर छापलेला असतो.

आधारबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पाच वर्षांखालील मुलाच्या आधारमध्ये बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद नसते. ती पाच वर्षांची झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी करावी लागते. हे अद्ययावतीकरण टाळू नका. स्वतःचे नाव-गाव सांगू न शकणाऱ्या मुलाचे बालगृहात नवे आधार काढायला घेतले आणि ठसे आधीच नोंदलेले असल्याने अर्ज फेटाळला गेला, त्यावरून मूळ कुटुंबाचा पत्ता लागला, असे अनेकदा घडले आहे. नागपूरच्या आधार सेवा केंद्रातून अशी कित्येक मुले घरी गेली आहेत. बोलता न येणाऱ्या किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांनी तर हे काम सर्वांत आधी उरकावे.

३. मुलाला शिकवा, पण घाबरवू नका

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्या, कारण ऐन प्रसंगी मुलाजवळ तुम्ही नसता, तुम्ही शिकवलेलेच असते.

तीन-चार वर्षांच्या मुलाला स्वतःचे पूर्ण नाव, आईवडिलांची नावे आणि एक मोबाईल क्रमांक तोंडपाठ असला पाहिजे. 'आईचे नाव काय' या प्रश्नाला 'आई' असे उत्तर देणारी मुले प्रत्येक हरवले-सापडले कक्षात भेटतात. क्रमांक चालीवर म्हणवून घेतला की मुले आठवड्याभरात पाठ करतात. मात्र तो क्रमांक नंतर बदलू नका.

पाच ते दहा वयोगटासाठी मी एकच नियम सुचवते : कुठेही, कोणाहीबरोबर जाण्यापूर्वी घरी विचारायचे. 'कोणाहीबरोबर' या शब्दात मामा, काका, शेजारचा दादा, व्हॅनवाले काका असे सगळे येतात. या नियमामुळे कोण ओळखीचे आणि कोण अनोळखी हे ठरवण्याचे ओझे मुलावर पडत नाही, आणि तुमचा खरा नातेवाईक असेल तर त्यालाही घरी एक फोन करायला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

यासोबत घरात एक परवलीचा शब्द ठरवा. 'आईला अपघात झाला आहे, मला तुला न्यायला पाठवले आहे' ही मुलाला नेण्याची जुनी आणि आजही चालणारी युक्ती आहे. असे कोणी म्हणाले तर मुलाने 'शब्द सांगा' असे म्हणावे आणि शब्द सांगता आला नाही तर मागे फिरून शाळेत किंवा दुकानात जावे. शब्द रोजच्या बोलण्यात न येणारा, पण मुलाला आवडणारा असावा. तो एकदा कोणाला सांगावा लागला की लगेच बदलावा.

कोणी हात धरून ओढू लागले तर काय करायचे, याचा प्रत्यक्ष सराव घ्या. नुसते रडणारे मूल हट्ट करत आहे असे पाहणाऱ्यांना वाटते आणि कोणी मध्ये पडत नाही. म्हणून 'हे माझे बाबा नाहीत, मला वाचवा' हे पूर्ण वाक्य मोठ्याने ओरडायला शिकवले पाहिजे. आम्ही शाळेच्या मैदानावर हा सराव घेतला, तेव्हा पहिल्या फेरीत बहुतेक मुलांच्या तोंडून आवाजच फुटेना. आपण त्यांना मोठ्या माणसांसमोर आवाज चढवू नये असे शिकवलेले असते. तो संकोच आपल्यालाच मोडावा लागतो. त्यानंतर खाली बसणे, खांबाला किंवा सायकलला मिठी मारणे आणि दप्तर टाकून पळणे हेही करून घ्यावे. दप्तर गेले तर कोणी रागावणार नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा.

हरवल्यावर मदत कोणाकडे मागायची, हेही आधी ठरलेले असावे : गणवेशातील पोलीस, दुकानात गल्ल्यावर बसलेली व्यक्ती, किंवा सोबत मुले असलेली बाई. गावित प्रकरण पाहता शेवटचा पर्याय पूर्ण निर्धोक नाही, हे मान्य आहे. म्हणून मदत मागायची, फोन लावून घ्यायचा, पण ती जागा सोडून कोणाबरोबर चालू लागायचे नाही, असे शिकवावे.

मोठी मुले वेगळ्या मार्गाने फसतात. खेळाच्या ॲपवर किंवा इन्स्टाग्रामवर झालेली ओळख, महिनोन्महिने चाललेले गोड बोलणे, 'घरी सांगू नकोस' ही अट आणि मग भेटायला बोलावणे, असा तो क्रम असतो. फोन हिसकावून घेतल्याने हा धोका कमी होत नाही, तो लपतो. 'कोणी काही लपवून ठेवायला सांगितले तर ते आम्हाला सांग, तुझा फोन काढून घेणार नाही' असा शब्द द्या आणि तो पाळा. आपणही मुलाचा गणवेशातील फोटो, शाळेचे नाव आणि रोजची वेळ समाजमाध्यमांवर टाकणे बंद केले पाहिजे.

४. शाळा, रिक्षा आणि व्हॅन

शाळा सुटतानाची पंधरा मिनिटे सर्वांत सैल असतात. वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेला लेखी द्या की मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्या व्यक्ती कोण आहेत. सोबत त्यांचे फोटो जोडा. ऐनवेळी दुसऱ्या कोणाला पाठवावे लागले तर पालकाने नोंदवलेल्याच क्रमांकावरून फोन करावा आणि शाळेने उलट फोन करून खात्री करावी, असा नियम पालक-शिक्षक संघातून मंजूर करून घ्या. मूल गैरहजर असेल तर पहिल्या तासाच्या आत पालकांना संदेश गेला पाहिजे, हा नियम त्याहून महत्त्वाचा आहे. मूल सकाळी वाटेतच नाहीसे झाले आणि घरच्यांना दुपारी कळले, तर मधले पाच तास कोणीच शोधत नसते.

महाराष्ट्रात शालेय बसगाड्यांसाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी. तुमच्या शाळेतील समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे मुख्याध्यापकांना विचारा. खासगी रिक्षा किंवा व्हॅन लावताना चालकाचा परवाना, आधार आणि गाडीचा क्रमांक यांचे फोटो घ्या, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे का ते पाहा, आणि बदली चालक येणार असेल तर आधी कळवण्याची अट घाला. दप्तरावर आणि डब्यावर बाहेरून मोठ्या अक्षरात नाव लिहू नका. नावाने हाक मारणारा माणूस मुलाला लगेच ओळखीचा वाटतो. नाव आणि क्रमांक आतल्या बाजूला असावेत.

पालक विभक्त असतील तर न्यायालयाच्या ताब्याच्या आदेशाची प्रत शाळेकडे अवश्य द्या. आदेश नसेल तर शाळा आई किंवा वडिलांना अडवू शकत नाही.

५. जत्रा, वारी, विसर्जन आणि रेल्वे स्थानक

घरातून निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. आपल्या मुलाने कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता, हे घाबरलेल्या आईला आठवत नाही, हे मी पाहिले आहे. लहान मुलाच्या खिशात क्रमांकाची चिठ्ठी ठेवा किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला पेनाने क्रमांक लिहा. पंढरपूरची वारी, गणेश विसर्जन अशा ठिकाणी पोलिसांचे मदत कक्ष आणि हरवले-सापडलेची ध्वनिक्षेपक व्यवस्था असते. पोहोचल्यावर आधी ती जागा मुलाला दाखवा. ध्वनिक्षेपकावरून सांगताना मुलाचे पूर्ण वर्णन देऊ नका, एखादी खूण हातची राखा आणि मूल ताब्यात घेताना तीच पडताळून पाहा.

६. प्रसूतिगृहात

नवजात बाळे बहुधा गर्दीच्या रुग्णालयांतून, 'परिचारिका आहे, बाळाला तपासायला नेते' असे सांगणाऱ्या बाईकडून नेली जातात. बाळाच्या आणि आईच्या मनगटावरील पट्टीचा क्रमांक जुळतो का ते पाहा, बाळाला नेणाऱ्या प्रत्येकीचे ओळखपत्र मागा आणि घरचे एक माणूस सतत बाळासोबत ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बालतस्करीच्या एका खटल्यात स्पष्ट केले आहे की रुग्णालयातून बाळ चोरीला गेल्यास त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करण्याची कारवाई व्हावी.

७. मूल दिसत नाही : पहिला तास

येथे क्रम महत्त्वाचा आहे आणि कामे एकाच वेळी, वेगवेगळ्या माणसांनी करायची आहेत.

पहिल्या दहा मिनिटांत घर आणि इमारत शोधा. पलंगाखाली, कपाटात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, लिफ्टच्या डक्टपाशी आणि उभ्या गाड्यांमध्ये पाहा. लहान मुले लपून झोपी जातात आणि बंद गाडीत अडकतातही. त्याच वेळी दुसऱ्याने मित्रांच्या घरी फोन लावावेत.

इतक्यात मूल मिळाले नाही तर ११२ वर फोन करा, त्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांच्या संमतीची वाट पाहू नका. त्याबरोबरच एकाने पोलीस ठाण्याकडे निघावे, एकाने घरी थांबावे कारण मूल किंवा फोन घरीच येण्याची शक्यता असते, आणि एकाने जवळच्या बस स्थानकावर व रेल्वे स्थानकावर पोहोचावे. सीसीटीव्हीसाठी आसपासच्या दुकानदारांना लगेच विनंती करा. अनेक यंत्रांत जुने चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून निदान ते जपून ठेवायला सांगा.

मुलाची खोली आवरू नका, चादरी आणि कपडे धुवायला टाकू नका. वहीतील चिठ्ठी, संगणकावरील संभाषण, कपड्यांवरचा वास यांचा श्वानपथकाला आणि तपास अधिकाऱ्याला उपयोग होतो.

८. पोलीस ठाण्यात काय मागायचे

शेजाऱ्यांसोबत गेलेल्या आम्हाला ठाणे अंमलदाराने 'चोवीस तास थांबा, नाही आला तर या' असे सांगितले. असा कोणताही नियम नाही, हे तेव्हा सोबतच्या एका वकिलाने सांगितले नसते तर आम्ही परत फिरलो असतो. म्हणून हा भाग शांतपणे वाचून ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर आदेश दिला की हरवलेल्या बालकाच्या प्रत्येक तक्रारीत अपहरण किंवा तस्करी झाली असावी असे गृहीत धरून प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदवला पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक ठरवले. तो खटलाही एका बेपत्ता अल्पवयीन मुलीच्या वडिलांनीच लढला होता.

सर्वांत मोठा सापळा 'मिसिंग' नोंदीचा आहे. प्रौढ व्यक्ती हरवल्यास ठाण्यात मिसिंग रजिस्टरमध्ये नोंद होते आणि एक क्रमांक मिळतो. तोच क्रमांक मुलाच्या बाबतीत हातात ठेवला गेला तर समजावे की गुन्हा दाखल झालेला नाही. अठरा वर्षांखालील मुलासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली अपहरणाचा गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत मुलगा आणि मुलगी दोघांसाठी वयाची मर्यादा अठराच आहे. जुन्या कायद्यात ती मुलग्यांसाठी सोळा होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीबाबत 'स्वतःहून पळून गेली असेल' असे ऐकवले जाते. या कलमात मुलाची संमती नव्हे, पालकाची संमती विचारात घेतली जाते, एवढेच शांतपणे सांगा.

'ही जागा आमच्या हद्दीत येत नाही' हेही उत्तर मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, एफआयआर नोंदवावाच लागतो; याला शून्य एफआयआर म्हणतात आणि तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. नकार मिळालाच तर त्याच कलमानुसार पोलीस अधीक्षकांना, आणि शहरात उपायुक्त किंवा आयुक्तांना, लेखी तक्रार पाठवा आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जा. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्याचे नाव विचारून थेट त्याच्याशी बोलल्यास कामाला वेग येतो.

मूल रेल्वेत किंवा फलाटावर हरवले असेल तर आणखी एक गोंधळ होतो. रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस ही दोन वेगळी दले आहेत. स्थानकावर शोध घेण्यात, गाड्यांमध्ये निरोप पोहोचवण्यात सुरक्षा दल तत्पर असते, आणि एकट्या भटकणाऱ्या मुलांना वाचवण्याची त्यांची 'नन्हे फरिश्ते' ही मोहीम चालू आहे. गुन्हा मात्र लोहमार्ग पोलीस नोंदवतात. दोघांनाही कळवा.

एका पालकाने मूल नेले असेल तर पोलीस हा कौटुंबिक वाद मानतात. तेथे कुटुंब न्यायालयाचा ताब्याचा आदेश आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरण याचिका (मुलाला न्यायालयापुढे हजर करावे अशी मागणी करणारी) हा मार्ग आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी लक्षात ठेवावे की मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. त्यामुळे तिथून इथे आणलेले मूल परत मिळवण्यासाठी भारतीय न्यायालयातच जावे लागते.

९. खंडणीचा फोन आला तर

खरा फोन असो वा खोटा, पोलिसांना कळवा. 'पोलिसांत गेलात तर बघा' ही धमकी ठरलेलीच असते. बोलणे लांबवा, मुलाचा आवाज ऐकवायला सांगा, घरातच ठाऊक असलेला एखादा प्रश्न विचारा आणि फोन ध्वनिमुद्रित करा.

अलीकडे निव्वळ फसवणुकीचे फोनही येतात. व्हॉट्सॲपवर गणवेशातील अधिकाऱ्याचा फोटो असतो, 'तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे' असे सांगितले जाते आणि मागे रडण्याचा आवाज ऐकवला जातो. अशा वेळी दुसऱ्या फोनवरून आधी शाळेत किंवा मुलाला फोन लावा. मूल सुरक्षित असेल तर एक पैसाही न पाठवता १९३० वर तक्रार करा.

१०. शोध चालू असताना

एफआयआर झाल्यावर मुलाची माहिती केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेच्या पोर्टलवर चढली का, हे तपास अधिकाऱ्याला विचारा. पूर्वीच्या ट्रॅकचाइल्ड आणि खोया-पाया या सुविधा आता तिथेच आहेत, आणि देशभरातील बालगृहांत आलेल्या मुलांशी तिथूनच ताळा होतो. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षालाही लेखी कळवा. हरवलेल्या मुलांच्या शोधाची महाराष्ट्र पोलिसांची ऑपरेशन मुस्कान ही मोहीम वेळोवेळी राबवली जाते. ती सुरू झाली की आपले प्रकरण त्यात घेतले आहे का, याची चौकशी करा. चार महिन्यांत मूल न सापडल्यास तपास मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे गेला पाहिजे, असेही १० मे २०१३ च्या आदेशात आहे. ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, कारण आठवण करून देण्याचे काम बहुधा पालकांनाच करावे लागते.

पत्रकावर फोटो, वय, उंची, कपडे, ओळखखूण, पोलीस ठाण्याचे नाव आणि किमान चार-पाच क्रमांक छापा. अंधेरीच्या मुलीचा शोध ज्या जुन्या पत्रकामुळे लागला, त्यावरील बहुतेक क्रमांक नऊ वर्षांत बंद पडले होते; एका शेजाऱ्याचा तेवढा चालू होता आणि त्याच्यावरून ती आईशी बोलू शकली. म्हणून पत्रकावर दिलेला क्रमांक कितीही वर्षे लोटली तरी बंद करू नका.

११. दुसऱ्याचे मूल एकटे दिसले, किंवा 'मुले पळवणारी टोळी' असा संदेश आला तर

एकटे मूल दिसल्यास त्याच्याशी तिथेच थांबून बोला आणि १०९८ किंवा ११२ वर कळवा. त्याला घरी नेऊ नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ३२ नुसार असे मूल सापडल्यास चोवीस तासांच्या आत कळवणे बंधनकारक आहे.

संदेशांबाबत मला कळकळीने सांगायचे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना 'मुले पळवणारे' समजून जमावाने ठार मारले. ती पोटासाठी गावोगाव फिरणारी गरीब माणसे होती. त्या काळात फिरत असलेली, दुचाकीवरून मूल उचलून नेल्याची चित्रफीत मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. मूल परत आणून सोडतानाचा शेवट काढून टाकला होता. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेच्या वातावरणात मारले गेले. अशा संदेशाने एकही मूल वाचत नाही. ठिकाण, तारीख आणि पोलीस ठाणे नसलेला संदेश पुढे पाठवू नका, गटात आला तर तिथेच हटकून विचारा, आणि खरोखर संशय आला तर माणसाला हात न लावता ११२ वर फोन करा. गावात पोलीस पाटलांना बोलवा.

१२. मूल परत आल्यावर

पहिल्या दिवशी 'का गेलास', 'हाक का नाही मारलीस' असे प्रश्न विचारू नका. पोलीस मुलाची वैद्यकीय तपासणी आणि जबाब घेतील, आणि मूल बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागेल. हा कायद्याचा भाग आहे, मुलावरचा संशय नव्हे. जबाबाच्या वेळी पालकाला सोबत थांबू देण्याची विनंती करा. झोप उडणे, अंथरूण ओले होणे, एकटे राहायला घाबरणे असे काही आठवडे चालू राहिले तर समुपदेशकाकडे न्या. समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्यासाठी मदत करतो.

मूल मिळाल्याचे पोलीस ठाण्यात लेखी नोंदवा, भिंतींवरची पत्रके उतरवा आणि ज्या ज्या गटांत फोटो पाठवला होता तिथे 'मूल सापडले आहे, कृपया हा फोटो पुसून टाका' असे कळवा. हे न केल्यास तोच फोटो वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि मोठे झालेले मूल शाळेत त्याच नावाने ओळखले जाते. प्रकरणात लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर मुलाचे नाव, फोटो, शाळा किंवा पत्ता प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. मुलाखत मागणाऱ्या वार्ताहरांना आणि चौकशीला येणाऱ्या नातेवाइकांनाही हे सांगून ठेवा.